बॅटरी कोणी बदलावी? : एका झाकणाचा इतिहास

मोटारीची बॅटरी स्वतः बदलावी की अधिकृत विक्रेत्याच्या कार्यशाळेत नेऊन बदलून घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पैशांचा वाटतो. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर तो मालकीचा आहे. वस्तू विकत घेणाऱ्याला तिचे अंतरंग उघडण्याचा अधिकार कितपत मिळतो, आणि तो अधिकार कोणाच्या सोयीने वाढतो वा आकसतो, हे बॅटरीसारख्या सामान्य वस्तूत फार स्पष्ट दिसते.

या प्रश्नाला भूगोलही आहे. अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे, तुरीच्या बाजारपेठेचे गाव. मराठीइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, कन्नड येथे कानी पडते. १८७१ साली मुंबई आणि मद्रास या शहरांना रायचूर येथे जोडणारा लोहमार्ग पुरा झाला, त्याच मार्गावर अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड यांच्या दरम्यान दुधनीचे स्थानक लागते. अशा गावातील मोटारमालकाची बॅटरी एखाद्या सकाळी बसली, तर अधिकृत कार्यशाळेसाठी त्याला एका बाजूस सोलापूरकडे किंवा दुसऱ्या बाजूस कलबुर्गीकडे पाहावे लागते. शहरातल्या माणसाला जो तासाभराचा खोळंबा, तो येथे अख्खा दिवस खातो. शिवाय या पट्ट्यातला उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि बॅटरीचे आयुष्य थंडीपेक्षा उष्णतेनेच अधिक झिजते. हिवाळ्यात ती दगा देते खरी, पण तिचा घात बहुधा आदल्या वैशाखातच झालेला असतो.

शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हापुन्हा भारित करता येणारी बॅटरी फ्रेंच वैज्ञानिक गास्तों प्लांते याने १८५९ साली सिद्ध केली. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर लेप देण्याची युक्ती काढली आणि तिचे कारखानी उत्पादन शक्य झाले. मोटारीत मात्र प्रारंभी तिचे स्थान दुय्यम होते. इंजिन सुरू व्हायचे ते हँडल मारून, आणि उलट्या झटक्याने मनगट मोडणे ही त्या काळची नित्याची दुर्घटना होती. चार्ल्स केटरिंग याने रोकडयंत्रांना विजेची मोटर बसवण्याचा अनुभव गाठीशी धरून विजेवरचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो आला. आपल्याकडे ज्याला सर्रास 'सेल्फ' म्हणतात तो हाच. बॅटरी मोटारीचा अपरिहार्य अवयव झाली ती येथपासून.

भारतात ब्रिटिश क्लोराइड कंपनीच्या बॅटऱ्या १९१६ पासून आयात होऊ लागल्या. बंगालमधील श्यामनगर येथे १९४६ साली कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये दुसरा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आला. हीच कंपनी पुढे नावे बदलत १९९५ मध्ये एक्साइड इंडस्ट्रीज झाली. मोटारींच्या बाबतीत तर सोलापूर जिल्ह्याचा संबंध थेट आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फिएट व तिचीच वंशज पद्मिनी बाहेर पडली.

त्या पिढीतील गाड्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांचे बॉनेट उघडले की आतले सारे दिसे, आणि जे दिसे ते बहुतांशी समजे. बॅटरीच्या सहाही खणांना स्वतंत्र बुचे असत. पाणी कमी झाले की डिस्टिल्ड वॉटर घालावे, काचेच्या नळीच्या हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहावी, ती १.२८ च्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भारित आहे असे समजावे, टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावावे, ही विद्या गावोगावच्या चालकांना आणि मेकॅनिकांना मुखोद्गत होती. बॅटरी पार बसली तर चार माणसांचा धक्का होता, आणि अँबॅसिडरसारख्या गाडीला तर हँडलही होते. तालुक्याच्या गावी बॅटऱ्या चार्जिंगला लावणारे दुकान असे, आणि ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सर्वांची सोय तेथे लागे. ही विद्या कोणत्याही कंपनीने शिकवलेली नव्हती. ती हाताकडून हाताकडे गेली होती. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा'त ज्या बलुत्यांच्या व्यवस्थेचे वर्णन केले, तिच्यातील सुतार-लोहारांच्या कसबाचे हे विसाव्या शतकातील रूप म्हणता येईल. फरक इतकाच की येथे जातीची अट सैल झाली होती आणि मोबदला रोख होता.

मग झाकण बंद होऊ लागले. प्रथम बॅटरीचेच: शिशाच्या जाळीत कॅल्शियम मिसळल्याने पाणी घटण्याचे प्रमाण अगदी कमी झाले आणि 'मेंटेनन्स-फ्री' बॅटऱ्यांची बुचे नाहीशी झाली. त्यानंतर गाडीचे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा आला, आणि बॅटरीवर संगणकाच्या स्मृतीची जबाबदारी येऊन पडली. सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांना साधी बॅटरी पुरत नाही, त्यांना ईएफबी वा एजीएम प्रकारची लागते. काही गाड्यांत ऋण टर्मिनलवर प्रवाह, दाब आणि तापमान मोजणारा संवेदक असतो. त्यावरून संगणक बॅटरीचे वय ताडतो आणि चार्जिंग त्यानुसार बेतूनच करतो. नवी बॅटरी बसवून तिची नोंद केली नाही, तर तो नव्या बॅटरीला जुनीच समजून वागवतो. ही नोंद स्कॅनरने काही मिनिटांत होते. पण स्कॅनर कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न.

अधिकृत विक्रेत्याच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे समजणे अन्यायाचे होईल. योग्य प्रकारची बॅटरी, नोंद, हमीचा कागद आणि जुन्या बॅटरीची विल्हेवाट या गोष्टी तेथे एकत्र मिळतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीतील नारिंगी केबलींच्या उच्च दाबाच्या बॅटरीला तर घरी हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. (गंमत अशी की बहुतेक अशा मोटारींतही १२ व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच, आणि ती बसली की शेकडो किलोंची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.) परंतु रस्त्यावरील असंख्य लहान गाड्यांत आजही काम दहा नंबरच्या पान्याचे आहे. ऋण टर्मिनल आधी सोडवावे आणि शेवटी जोडावे, एवढा एक नियम मात्र पाळावा. गाडीचा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टर्मिनल आधी सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर प्रचंड प्रवाह वाहतो आणि ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाटच पाहत असतो. हे काम जमल्यावर घड्याळ, काचा, इंजिनाची संथ गती यांची फेरजुळणी करावी लागली, तर तिची रीत बहुधा गाडीच्या पुस्तिकेत असते.

कौशल्याचा मोबदला आणि कुलपाचा मोबदला यांत भेद केला पाहिजे, हे भारतात एका कायदेशीर लढ्याने अधोरेखित केले. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेरच्या कारागिराकडे गाडी नेली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करता येणार नाही, असेही बजावले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत दंडाची रक्कम घटवली, निष्कर्ष मात्र उचलून धरला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस संकेतस्थळही सुरू केले. दुधनीच्या गॅरेजवाल्याचे नाव या कागदपत्रांत नसेल, पण दावा त्याचाच होता.

या हक्काला एक कर्तव्यही चिकटलेले आहे. बॅटरीच्या वजनात सर्वांत मोठा वाटा शिशाचा, आणि मुलांच्या मेंदूला सुरक्षित अशी शिशाची कोणतीही मात्रा नाही. म्हणूनच २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले, आणि २०२२ च्या नव्या नियमांनी तो भार उत्पादकांवर टाकला. जो स्वतः बॅटरी बदलतो त्याने जुनी बॅटरी परसात आम्ल ओतून भंगारात घातली, तर त्याच्या स्वावलंबनाची किंमत शेजारचे पोर मोजते. जुनी देऊन नवीवर सूट घेण्याची बाजारातली रीत व्यवहाराला आणि विवेकाला एकाच वेळी धरून आहे.

तेव्हा स्वतः की विक्रेता, याचे एकच उत्तर संभवत नाही. साध्या गाडीच्या मालकाने पाना हाती घ्यावा. संवेदकाची गाडी असेल, तर स्कॅनर बाळगणाऱ्या गावच्याच गॅरेजवाल्याला चार पैसे द्यावेत. यंत्र जटिल होणे अटळ आहे, आणि पूर्वीच्या उघड्या बॉनेटचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, कारण त्या काळी मनगटेही मोडतच होती. मात्र जटिलता वेगळी आणि बंदी वेगळी. पहिलीवर शिक्षणाने मात करता येते, दुसरीवर कायद्याने. दुधनीसारख्या गावांत या दोन्ही गोष्टी कितपत पोहोचतात, यावर तेथील कारागीर पुढच्या पिढीत कारागीर राहील की केवळ धक्का मारणारा, हे ठरणार आहे.