कुठवर आलाय?

माझा आजा विंचू उतरवायचा. पोटापाण्याला भात आणि नाचणी होती, पण सावित्री नदीच्या काठच्या पाच-सात वाड्यांत रात्री कुणाला काही डसलं की आमच्या बांधावरून एक कंदील हलत यायचा. तो दिसला की आजी निम्म्या झोपेतून उठून चूल पेटवायची आणि आजा पागोटं शोधायचा. पाऊस असो, ताप असो, पुढ्यात वाढलेलं ताट असो, बोलावणं आलं की उठायचं. हा या विद्येचा पहिला नियम.

दुसरा नियम पैशाचा. एक दमडी घ्यायची नाही. बरा झालेला माणूस स्वतःच्या पायांनी आला तर त्याने नारळ आणायचा, तोही बहिरीच्या देवळात फोडायचा. आजाने उभ्या जन्मात पडवळ खाल्लं नाही, कारण ते सापासारखं दिसतं. शेवग्याची शेंगही वर्ज्य होती. ती का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. गुरूने सांगितलं होतं, एवढंच.

उतरवण्याची रीत मी शंभरदा पाहिली असेन. रोग्याला ओटीवर भिंतीशी टेकवून बसवायचं, डसलेला पाय पुढे. हातात निरगुडीचा डहाळा. मांडीपासून पावलाकडे तो हलकेच ओढत आणायचा आणि जमिनीवर झटकायचा. ओठ हलत, आवाज नाही. दर पाच-सहा फेऱ्यांनी आजा विचारायचा, "कुठवर आलाय रं?" रोगी कण्हत सांगायचा, "जांगंत." पुन्हा डहाळा. "आता?" "गुडघ्याव." असं करत करत कळ घोट्याशी यायची, मग पावलात, मग ज्या बोटाला नांगी लागली तिथे. तोवर आजीने अंगणातल्या जांभ्यावर चिंचोका घासून घासून पांढरा आणि गरम केलेला असे. तो त्या जागी चिकटवायचा. आपोआप गळून पडला की काम झालं. कधी घटकाभरात गळायचा, कधी कोंबडा आरवेपर्यंत नाही. तोवर आजा तिथून हलायचा नाही.

ही विद्या त्याने घेतली एका कातकऱ्याकडून. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. त्यांना रानातलं पान न् पान आणि बिळ न् बिळ ठाऊक. आम्ही कुणबी. जातीच्या उतरंडीत विद्या वरून खाली येते असं पुस्तकं सांगतात, आमच्या खोऱ्यात विंचवाची विद्या खालून वर आली. दर नागपंचमीला आजा आपल्या गुरूला धोतर आणि पायली भात द्यायचा, अंगणात त्याच्या पायांवर डोकं ठेवायचा. अंगणात. गुरूला ओटीवर घेत नसत. त्याचं पाणी वेगळं, त्याची पानाची पत्रावळ वेगळी. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली आमच्याच महाडात झाला. तेव्हा आजा ऐन विशीत होता. त्यानंतरही पंचवीस-तीस वर्षं ज्याच्या पायांवर तो डोकं ठेवायचा, त्याला आमच्या घराचा उंबरा लागला नाही. आजाच्या चांगुलपणाबद्दल लिहिताना हे मला वगळता येत नाही.

मंत्र शिकणं म्हणजे नुसतं पाठ करणं नव्हे. गुरूने तो कानात सांगायचा आणि शिष्याने ग्रहणात सिद्ध करायचा. कमरेएवढ्या वाहत्या पाण्यात उभं राहून, ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत. पुढेही ग्रहण आलं की तो उजळायचा. नाही उजळला तर मंत्र 'निजतो'. चारचौघांत बोलला तर 'विटतो'. आजाला पाण्यात उभं मी शेवटचं पाहिलं ते १६ फेब्रुवारी १९८० ला. खाली कर्नाटकात खग्रास होतं, आमच्याकडे खंडग्रास. दुपार कलती झाली आणि ऊन असं झालं, जणू कुणी त्यात राख कालवली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, गरोदर बाया आत कोंडलेल्या. आणि सत्तरी ओलांडलेला माझा आजा सावित्रीत उभा, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, नर्सिंग झालेली, रजेवर घरी आले होते. थंडी भरेल म्हणून काठावर घोंगडी घेऊन उभी राहिले.

मंत्राचे शब्द मला कधीच कळले नाहीत. जे कानावर पडलं त्यात मच्छिंद्र होता, गोरख होता, गुरूची आण होती. निम्मं मराठी, निम्मं हिंदुस्थानी. याला शाबरी म्हणतात. धुंडीसुत मालूचा 'नवनाथ भक्तिसार' हा ग्रंथ शके १७४१ चा, म्हणजे १८१९ सालचा. मच्छिंद्रनाथाला ही शाबरी विद्या सप्तशृंगीच्या देवीच्या कृपेने मिळाली, अशी त्यात कथा आहे. आमच्याकडे श्रावणात तो वाचला जायचा. अक्षरओळख नसलेला आजा खांबाला टेकून ऐकायचा आणि त्या अध्यायाला हात जोडायचा. त्याचं ते घराणंच होतं. वेदमंत्राला अधिकार लागतो, संस्कृत लागतं. शाबरीला गुरू आणि पथ्यपाणी पुरतं. म्हणून ती कातकऱ्याकडे असू शकली, कुणब्याकडे असू शकली आणि फकिराकडेही.

विंचू उतरवणारा गावोगाव इतका ओळखीचा होता, की सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांना भारूड रचताना तो आयताच सापडला. विंचू चावला म्हणून बोंब मारणारी बाई, तिची घाबरगुंडी आणि मग उतारा. नाथांनी विंचू काम-क्रोधाचा केला आणि उतारा सत्त्वगुणाचा. ऐकणाऱ्या प्रत्येकाने ओटीवरचा तो प्रसंग पाहिलेला असल्याशिवाय ते भारूड लोकांच्या अंगात इतकं भिनलं नसतं.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एक इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि शब्दकोश घेऊन महिनाभर वाचलं. कोकणातल्या लोकसमजुतींचं, १९१५ साली छापलेलं. माहिती जमवली होती नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याने. होय, तोच. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या तो. त्याने प्रश्नावली छापून गावोगावच्या शाळामास्तरांना धाडली होती. तुमच्याकडे भुतं किती प्रकारची, ती कोण काढतं, दृष्ट कशी उतरवतात, असे प्रश्न. मास्तरांनी शाईने नेटकी उत्तरं लिहून पाठवली. पुढे एन्थोव्हेन नावाच्या अधिकाऱ्याने ती संकलित केली. त्या पानांवर मला माझं बालपण भेटलं. वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेडा, झोटिंग, हडळ, जखीण, लावसट. मेलेल्यांची केवढी काटेकोर जातवारी! मुंज होऊन सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, सवाष्ण गेली ती जखीण, विधवा गेली ती लावसट. ज्या मास्तरांनी दिवसा बेरीज-वजाबाकी शिकवली त्यांनीच रात्री हे लिहिलं. त्यांना स्वतःला यातलं किती खरं वाटत होतं, ते उत्तरांवरून कळत नाही. मला त्या मास्तरांबद्दल फार आपुलकी वाटते. त्यांनी लिहिलं नसतं तर ही सगळी नावं आमच्या आज्यांबरोबरच गेली असती.

आता या विद्येचं काळं अंग. जाणकार सहा कर्मं मोजतात: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. पहिलं सोडलं तर उरलेली पाचही दुसऱ्या माणसावर चालवायची. आमच्या भागात त्याला करणी म्हणतात, मूठ मारणं म्हणतात. आजाकडेही माणसं यायची. म्हैस आटली, पोर वाळत चाललं, कुणी केलं ते बघा. आजा म्हणायचा, "माझं काम उतरवायचं. चढवायचं नाय आन् नाव घ्यायचं तर नायच नाय." कारण भगताने एकदा नाव घेतलं की ते एखाद्या बाईचंच निघतं. एकटी, विधवा, जमिनीचा तुकडा राखून असलेली. चेटकीण ठरलेल्या बाईचं पुढे काय होतं ते नोकरीत मी एकदा जवळून पाहिलं. तिच्या डोक्याला चौदा टाके घातले. ते गाव मी सांगणार नाही. मंत्राने विंचू उतरतो की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते भगताची परीक्षा दुसरीकडेच व्हायची. नाव विचारायला आलेल्या माणसाला तो काय सांगतो, तिथे.

विंचू उतरायचा का? पुष्कळदा उतरायचा. कोकणात काळी, मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण तिची कळ काही तासांत आपली आपण ओसरते. सापांतही बिनविषारी जास्त, आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असं नाही. आमच्या दक्षिणेला रत्नागिरीत फुरशांचा इतका सुळसुळाट, की सरकारने बक्षीस लावलं तेव्हा १८६२ च्या डिसेंबरात आठवड्याभरात लाखावर फुरशी मारून आणली गेली. अशा मुलखात उतरवणाऱ्याकडे गर्दी असणारच आणि त्यातले बहुतेक जगणारच. पण लाल विंचू वेगळा. तो लहान, विटकरी रंगाचा, गवताच्या भाऱ्यात आणि गडग्याच्या दगडांत लपणारा.

मी नऊ वर्षांची होते. शेजारच्या वाडीतला माझ्याच वयाचा मुलगा संध्याकाळी आणला. पेंढा काढताना डसला होता. आजाने डहाळा धरला. "कुठवर आलाय रं?" पोराची कळ भराभर उतरली, इतकी भराभर की त्याची आई हसली. मग त्याला उलटी झाली. अंगातून पाणी निथळावं तसा घाम. हातपाय बर्फासारखे. आजी म्हणाली, "ह्येला रग्गात गुंडाळा." आजा रात्रभर डहाळा ओढत राहिला. पहाटे पोर खोकायला लागलं, तोंडाशी गुलाबी फेस आला आणि उजाडायच्या आत ते गेलं. त्यानंतर आजा आठ दिवस शेतात गेला नाही. नवव्या दिवशी वाडीत सांगत फिरला, की लाल असेल तर माझ्याकडे आणू नका, डोलीत घाला आणि महाडला न्या. आणि एक गोष्ट तो आम्हाला वरचेवर सांगायचा: "ज्याची कळ कमी आन् घाम जास्त, त्याचं काय खरं नाय."

त्या रात्री काय झालं ते मला कळायला वीस-बावीस वर्षं लागली. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. विंचवाने माणसं मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मग रोग्याच्या खाटेशी बसून तासातासाला नोंदी केल्या. उलटी, दरदरून घाम, गार हातपाय, चढलेला रक्तदाब आणि मग हृदय थकून फुप्फुसात साचणारं पाणी. ज्यांच्यात विष भिनतं त्यांची जागेवरची कळ पुष्कळदा कमीच असते. त्यांचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी या विषावर चालते, हे त्यांनी १९८६ साली तिथेच मांडलं. आधी शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते निबंध आले तेव्हा 'लॅन्सेट' म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी नोकरीला होते त्या आरोग्य केंद्राच्या कपाटात त्या गोळ्यांची बाटली आली, त्या दिवशी मात्र मी ती हातात घेऊन बराच वेळ उभी होते.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये अंधश्रद्धेविरुद्ध झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं अडलेला जादूटोणाविरोधी कायदा आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर होऊन आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. तो कायदा हवाच होता. वाचताना मी त्या कलमातल्या अडवण्याच्या अटीपाशी थांबले. आजाने नवव्या दिवसापासून कुणाला अडवलं नव्हतं.

मंत्र पुढे गेला नाही. थोरला भाऊ गिरणीत, त्याला ग्रहणात उभं राहायला रजा कोण देणार? धाकट्याला लाज वाटायची. मी मागितला तर आजा म्हणाला, "बाईच्या जातीला नाय चालत, विटाळ आसतो." मी रडले होते. मरायच्या आधी, १९८३ च्या शिमग्यानंतर, तो काठी टेकत नदीवर गेला आणि मंत्र पाण्यात सोडून आला. तशी रीतच आहे, शिष्य नसला की पाण्याला सांगायचा.

आजा गेल्यावरही कंदील येतच राहिले, पुढे बॅटऱ्या आल्या. मी माहेरी असले की मला बोलवायचे, केंद्रात असले की तिथे यायचे. "तू त्याची नात ना? मग हात फिरव." एकदा पावसात एका म्हातारीला आणलं. तिच्या पोटऱ्या गारठलेल्या, कपाळ ओलंचिंब. मी तिला गोळी दिली, दंडाला पट्टा बांधला, रक्तदाब कागदावर लिहिला. अर्ध्या तासाने पुन्हा. मधल्या वेळात ती माझा पदर सोडेना. मग मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू खाली आणत विचारलं, "कुठवर आलाय?"

म्हातारीने डोळे मिटले. "पोटरीत," ती म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या नोंदीला अजून दहा मिनिटं होती. हात फिरवत राहिले.