चढापेक्षा उतार अवघड

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत महामार्गांवर एक दृश्य हमखास दिसते. पुढे डिझेलवर चालणारा पिकअप ट्रक आणि त्याच्या मागे जोडलेले चाकांवरचे घर. त्यात पलंग, ओटा, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सारे काही. असे मोठे घर सामानासह साडेतीन टन सहज भरते. ओढणारी गाडी मात्र अडीच टनांच्या आसपास, म्हणजे ओझ्यापेक्षा हलकीच. एवढी गाडी एवढे घर डोंगरावर चढवते कशी, असे कुतूहल पाहणाऱ्याला वाटते. आम्हाला त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. वर नेलेले घर सुखरूप खाली कसे आणायचे? डिझेल इंजिनाच्या इतिहासात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी सापडले, दुसऱ्याचे बऱ्याच उशिरा.

आधी चढ पाहू. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरातून पश्चिमेकडे जाणारा महामार्ग आयसेनहॉवर बोगद्यातून रॉकी पर्वत ओलांडतो. १९७३ मध्ये खुला झालेला हा बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. तिथे पोहोचताना काही ठिकाणी ७ टक्के चढ लागतो, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ७ मीटर वर. गाडी आणि घर मिळून ६ टन, म्हणजे ६००० किलोग्रॅम धरले, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारे बल ६००० × ९.८ × ०.०७, म्हणजे सुमारे ४१०० न्यूटन. ताशी ६० किलोमीटर वेगाने चढायचे तर एवढ्यासाठीच सुमारे ९२ अश्वशक्ती खर्ची पडतात. हवेचा आणि चाकांचा विरोध मिळवला की आकडा शंभराच्या वर जातो. आणि ही शक्ती एका धक्क्यापुरती नाही, तर चढ संपेपर्यंत सतत हवी.

हे काम डिझेल इंजिनाला चांगले जमते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याचे यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे तपासले गेले. सायकलचा पंप मारताना तो खालच्या बाजूला गरम होतो, हा अनुभव वर्गातल्या प्रत्येक मुलाला असतो. डिझेलची युक्ती हीच. हवा इतकी दाबायची की ती तापून तिच्यात फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे. या इंजिनाने इंधनातील २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. त्या काळची वाफेची इंजिने याच्या जवळपासही पोहोचत नव्हती. पण प्रचंड दाब सोसायचा तर भिंती जाड हव्यात. हे इंजिन माणसाहून उंच होते, वजन टनांत होते आणि शक्ती मात्र सुमारे २० अश्वशक्ती.

ते रस्त्यावर आणण्याचा ध्यास अमेरिकेत क्लेसी कमिन्स याने घेतला. १९१९ मध्ये इंडियाना राज्यात त्याने कंपनी काढली. एका पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवून जानेवारी १९३० मध्ये तो न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. वाटेत इंधनाला लागले १ डॉलर ३८ सेंट! (याच कंपनीने पुढे १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात कारखाना काढला.)

मोठ्या ट्रकपासून पिकअपपर्यंतचा प्रवास मात्र सोपा नव्हता. १९७८ मध्ये जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन बाजारात आणले आणि पिकअपमध्येही बसवले. सिलिंडरचे डोके घट्ट धरणाऱ्या बोल्टांची मांडणी त्यात पेट्रोल इंजिनासारखीच ठेवली होती. डिझेलच्या दाबाखाली बोल्ट ताणले गेले, गॅस्केटे फुटली, आणि डिझेलचे नाव अमेरिकेत बराच काळ खराब झाले. १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये आलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन मुळात शेतीच्या व उद्योगांच्या यंत्रांसाठी घडवलेले होते. वजन सुमारे अर्धा टन, शक्ती १६० अश्वशक्ती. शिवाय फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, ५४२ न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला जेमतेम १७०० फेऱ्यांना. बोगद्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो. तिथे टर्बोचार्जर हवा कोंबून ही उणीव बरीचशी भरून काढतो. चढाचा प्रश्न असा सुटला.

आता उतार. पेट्रोल गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते. दट्ट्यांना पोकळीविरुद्ध ओढावे लागते आणि गाडीला आपोआप आवर बसतो. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर अशी झडप बहुधा नसते. ते हवा पूर्ण आत घेते, दाबते, आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी दट्ट्याला परत ढकलते. घेतलेली ऊर्जा बहुतेक परत मिळते. म्हणजे चढावर शूर असलेले हे इंजिन उतारावर फारसा हात देत नाही.

याचा अनुभव कमिन्सला स्वतःलाच आला. १९३१ मध्ये तो साथीदारांसह डिझेल ट्रकने न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला. इंधनाचा सारा खर्च ११ डॉलर २२ सेंट. पण कॅलिफोर्नियातील कॅजॉन खिंड उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. खाली रस्त्याला छेदणाऱ्या रुळांवरून मालगाडी चालली होती. तिचा शेवटचा डबा सरकला आणि ट्रक थोडक्यात बचावून रूळ ओलांडून गेला.

हा प्रसंग कमिन्स विसरला नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्याला उपाय सुचला. हवा पुरती दाबली गेली की नेमक्या त्या क्षणी बाहेर जाण्याची झडप उघडायची. दाबलेली हवा निसटते, दट्ट्याला परत ढकलत नाही, आणि इंजिन गाडीची ऊर्जा खाणारा पंप बनते. झडप उघडायला इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची, इंजिनात आधीपासूनच असलेली हालचाल वापरली. १९६१ पासून जेकब्स कंपनी हे ब्रेक बनवू लागली. पिकअपसाठी सोपा मार्ग निघाला तो धुराची वाट आवळण्याचा. २००७ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये टर्बोचार्जरच्या हलत्या पात्यांनी हे काम करणारा ब्रेक कारखान्यातूनच येऊ लागला. मागच्या घराला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात ते वेगळे.

वर्गात एक गणित जरूर घालावे. ६ टनांची ही जोडी ६०० मीटर खाली उतरली तर किती ऊर्जा मोकळी होते? उत्तर सुमारे ३५० लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने १०० लिटर थंड पाणी उकळीला येईल. हवा आणि रस्ता त्यातला काही भाग घेतात. उरलेली उष्णता इंजिनाने घेतली नाही, तर ती ब्रेकच्या काही किलो लोखंडात साठत जाते. जाहिरातीत गाडी किती ओढते याचा आकडा ठळक असतो. आपल्या विद्यार्थ्यांनी ती किती रोखू शकते, हेही विचारायला शिकावे, असे आम्हाला वाटते.