परिचिताच्या नांवानें येणारा शत्रु

व्यापार विश्वासावर चालतो. परंतु जुन्या पेढीवाल्यांनीं विश्वासावरहि पहारा ठेवला होता. परगांवची हुंडी आली म्हणजे मुनीम अक्षर पाही, खूण पाही आणि लिहिणाऱ्याचें वेगळें सूचनापत्र हातीं येईपर्यंत सहसा रक्कम देत नसे. मुंबई-आग्रा रस्त्यावरील पिंपळगांव बसवंतच्या पेठेंतून आज द्राक्षें, टोमॅटो व कांदा दूरदूर जातो, आणि परदेशीं जाणाऱ्या मालाचीं कागदपत्रें ई-मेलनें येतात जातात. ई-मेलला मात्र हस्ताक्षर नसतें. या एका उणिवेंतून संगणकाच्या एका विलक्षण रोगाचा इतिहास घडला आहे.

डिसेंबर १९८७ मध्यें जर्मनींतील क्लाउस्थाल येथील एका विद्यार्थ्यानें नाताळची शुभेच्छा म्हणून एक लहानसा प्रोग्राम लिहिला. तो चालविला म्हणजे पडद्यावर अक्षरांनीं रेखलेलें झाड उमटे. आणि पाहणारा त्या झाडाकडे पाहत असतांनाच तो प्रोग्राम त्याच्या पत्त्यांची यादी वाचून प्रत्येकाकडे आपली एक प्रत धाडी. विद्यापीठांच्या जाळ्यांतून तो आयबीएम कंपनीच्या खाजगी जाळ्यांत शिरला आणि पत्रांच्या गर्दीनें तेंहि तुंबलें. पुढील साऱ्या ई-मेल कृमींचें बीज या झाडांत होतें.

२६ मार्च १९९९ रोजीं अमेरिकेंत 'मेलिसा' प्रकट झाली. तिचा कर्ता डेव्हिड स्मिथ. वर्डच्या एका दस्तऐवजांत ती दडलेली असे. तो उघडतांच ती मालकाच्या पत्त्यांच्या वहींतील पहिल्या ५० पत्त्यांवर, मालकाच्याच नांवानें, रवाना होई. सर्वांनीं पत्र उघडलें असें धरल्यास दुसऱ्या फेरीस २,५००, तिसऱ्या फेरीस १,२५,००० पत्रें! द्राक्षबागेंतील केवडा वाऱ्यावर व दंवावर पसरतो. या रोगास वारा लागत नाहीं, ओळख लागते. जितका गोतावळा मोठा, तितका प्रसार मोठा.

४ मे २००० रोजीं फिलिपाइन्समधील मनिला येथून निघालेल्या 'आय लव्ह यू' या कृमीनें तर एका दिवसांत जग व्यापलें. पत्रासोबत प्रेमपत्राच्या नांवाची एक फाइल असे. तिच्या नांवाच्या शेवटचीं 'व्हीबीएस' हीं अक्षरें विंडोज प्रणाली सहसा लपवीत असे. त्यामुळें चालणारा प्रोग्राम साध्या मजकुरासारखा दिसे. उघडणाऱ्याचीं छायाचित्रें व अन्य फाइली पुसून त्यांच्या जागीं तो स्वतःच्या प्रती ठेवी, आणि वहींतील प्रत्येक पत्त्यावर निघून जाई. ब्रिटिश पार्लमेंटलाहि आपली ई-मेल व्यवस्था कांहीं काळ बंद ठेवावी लागली. कर्ता ओनेल द गुझमान हा तरुण होता. परंतु त्या देशांत तेव्हां अशा कृत्यासाठीं कायदाच नव्हता, म्हणून खटला सोडून द्यावा लागला. भारतांत माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षीं १७ ऑक्टोबरला अंमलांत आला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें मुंबईसह प्रमुख शहरांत इंटरनेट लोकांस खुलें केलें. त्यापूर्वींहि विषाणु येत, पण फ्लॉपीवरून. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यांत कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढें संगणकहि त्यांच्याकडे दुरुस्तीस येऊं लागले, त्यांत रोगग्रस्त यंत्रें असत. संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं त्यांवर उतारे लिहिले, आणि त्यांतून 'क्विक हील' उभें राहिलें. मात्र असला उतारा मुख्यतः ओळखीच्या रोगाचीं चिन्हें शोधतो. अगदीं नवा कृमि त्याच्या हातून निसटूं शकतो.

२७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाच्या कृमीनें न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचें काम ठप्प केलें. निफाड तालुक्यांतील द्राक्षें युरोपास जातात तीं याच बंदरांतून. तो ई-मेलचा कृमि नव्हता. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या सुधारणेंतून तो शिरला आणि आंतल्या जाळ्यांतून मनुष्याच्या हाताची वाट न पाहतां यंत्रामागून यंत्र ग्रासीत गेला. त्यापुढें हिशेबाची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवणें हाच मोठा आधार.

ई-मेलचा कृमि मात्र उंबरठ्यावर थांबतो. दार उघडणारा हात घरांतलाच असतो, आणि येणाऱ्याचें नांवहि ओळखीचें असतें. म्हणूनच तो हात फसतो. नांव ओळखीचें असणें ही खात्री नव्हे. अनपेक्षित जोडपत्र आलें तर उघडण्यापूर्वीं धाडणाऱ्यास टेलिफोन करून विचारावें. जुन्या पेढीवरील वेगळ्या सूचनापत्राचाच हा नवा अवतार आहे. हुंडीवर अविश्वास दाखविला म्हणून त्या काळीं कोणी रागावत नसे; ती पेठेची रीत होती.