अठरा वर्षं झाली, शाळा सुटली... पुढे काय? बौद्धिक दिव्यांग प्रौढांना गावातच शिकवता येतं, ते असं

विशेष शाळेतून मुलगा किंवा मुलगी बाहेर पडते तेव्हा घरात आनंदापेक्षा काळजीच जास्त असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ६ ते १८ या वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यानंतर बहुतेक जण घरीच बसतात. शर्टाची बटणं लावणं, नोटा ओळखणं, डबा भरणं हे सगळं शिकायला कित्येक वर्षं गेलेली असतात. वापर थांबला की ते हातातून निसटायला लागतं. इकडे आई-वडील साठीकडे झुकलेले असतात आणि 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न रोज समोर उभा राहतो.

मोठ्या शहरांत प्रौढांसाठी कार्यशाळा आहेत. सिकंदराबादला १९८४ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थाही आहे, हैदराबादच्या मराठी कुटुंबांना ती जवळची. तालुक्याच्या गावात मात्र असं काही क्वचितच सापडतं. पण गावात मंडळ असतं, देऊळ असतं, आठवड्याचा बाजार आणि ओळखीचं दुकान असतं. शिकवायला याच जागा जास्त उपयोगी पडतात, कारण बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरणं जड जातं. वर्गातल्या खोट्या नोटांवर हिशेब जमला म्हणजे भाजीवालीसमोर जमेलच, असं नाही. जिथे काम करायचं, तिथेच ते शिकवलेलं बरं.

पंगतीत पाणी वाढण्याचं उदाहरण

महाप्रसादाच्या पंगतीत पाणी वाढणं आपल्याला एकच काम वाटतं. शिकवणाऱ्याने त्याचे तुकडे पाडावे लागतात: जग अर्धाच भरायचा, दोन्ही हातांनी धरायचा, पेला रिकामा आहे का बघायचं, काठाच्या खाली थांबायचं, पुढच्या पानाकडे सरकायचं. एका वेळी एकच तुकडा शिकवायचा. पुष्कळदा शेवटचा तुकडा आधी शिकवतात. म्हणजे बाकी सगळं सोबतच्याने करायचं आणि पेला भरायचं काम त्याच्याकडे द्यायचं. काम 'आपण पूर्ण केलं' हे त्याला पहिल्याच दिवशी कळतं. मग एकेक पायरी मागे जायचं. हात धरून करून घेणं, नंतर फक्त खूण, नंतर नुसतं जवळ उभं राहणं, अशी मदत कमी करत न्यायची. मदत कमी करणं घरच्यांनाच सगळ्यात अवघड जातं. पाणी सांडलं की आई धावते आणि जग स्वतःच्या हातात घेते.

सोबतीला मंडळातला एक ठरलेला माणूस हवा. रोज नवा कार्यकर्ता आला की सुरुवात पुन्हा शून्यापासून. त्या माणसाला फिट्स येतात का, औषधाची वेळ कोणती, गर्दी-ढोलाचा आवाज सोसतो का, हे आधी माहीत पाहिजे. मुलींच्या बाबतीत सोबत कोण असणार हे पालकांनीच ठरवावं.

३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देण्याची पद्धत आहे. वाईट काही नाही, पण त्यातून कौशल्य येत नाही. गोव्यात २०२३ च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला, त्याने दिव्यांगांचा विषय चर्चेत आणला हे खरं. तरी उत्सव काही दिवसांचा असतो, शिकणं वर्षभराचं. दर शनिवारी देवळात भजनाला टाळ धरणं आणि नंतर सतरंज्या गुंडाळणं यातून जास्त हाती लागतं. खेळाचंही तसंच. १९६८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये दिव्यांग आणि इतर खेळाडू एकाच संघात खेळतात, असाही प्रकार आहे. गावच्या मैदानावर तो करायला पैसे लागत नाहीत.

बाजार, बस आणि भाषा

सीमाभागात एक जादा गुंता आहे. घरात मराठी, बसचा बोर्ड कन्नडमध्ये, दवाखान्यात हिंदी. बोलणं मर्यादित असलेल्या व्यक्तीला आधी घरच्याच भाषेत शिकवावं. भाषा मध्येच बदलली तर सूचना पोचतच नाही. बोर्ड वाचण्याऐवजी थांब्याजवळची खूण, स्टँडचा फलाट, कंडक्टरला दाखवायचं गावाच्या नावाचं कार्ड हे उपाय चालतात. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी दोन्ही भाषांत असावी.

पैशांची सुरुवात एकाच वस्तूने करावी: रोज तेच दुकान, तेच दूध, तीच नोट. दहाचं नाणं काही दुकानदार अजून घेत नाहीत, तेव्हा नोटच बरी. दुकानदाराला आधी सांगून ठेवलं की तो घाई करत नाही.

कामाचं म्हणाल तर पणत्या, राख्या, उटणं यांना मागणी हंगामी. दिवाळी संपली की माल पडून राहतो. मिठाईचे खोके घडी करणं, किराणा दुकानात पुड्या बांधणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं ही कामं बारा महिने मिळतात. मोबदला थोडा असला तरी पैशांतच आणि त्याच्याच हातात द्यावा. 'त्याला काय कळतंय' म्हणून बिस्किटाचा पुडा देणं हा अपमान आहे, आणि व्यवहारही चुकीचा.

कागदपत्रं

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर वैध असतं, त्यामुळे बेळगावात काढलेलं यूडीआयडी कार्ड कोल्हापूर किंवा इंदूरलाही चालतं. पेन्शन मात्र राज्याची, रहिवासाप्रमाणे: महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजना, गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगाला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंत आरोग्यविमा मिळतो.

पालकत्वाकडे बऱ्याच घरांचं दुर्लक्ष होतं. मूल १८ चं झालं की कायद्याने ते सज्ञान; आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक किंवा मालमत्तेचं काम अडतं तेव्हाच हे कळतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी असतात, अर्जाची चौकशी त्यांच्याच कार्यालयात करावी. नेमलेल्या पालकाला ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. आई-वडील हिंडते-फिरते असतानाच अर्ज केला, तर पुढे जबाबदारी घेणारा भाऊ, बहीण की आणखी कोणी, हे सगळ्यांसमोर ठरवता येतं.