आरोग्यसेवेचा पाया आणि मोबदल्याचे गणित

पाषाणच्या पश्चिमेला, महामार्गाच्या बाह्यवळणापलीकडे वसलेले सूस हे मुळशी तालुक्यातील गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. त्या दिवशी एकूण २३ गावे शहरात समाविष्ट झाली. म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही सूसच्या शेजारची गावेही त्यांत होती. रस्ते, पाणी आणि कचरा या प्रश्नांची तेव्हा बरीच चर्चा झाली. मात्र हद्दीबरोबर आणखी एक गोष्ट बदलली. गावाच्या प्राथमिक आरोग्याची जबाबदारी कोणाची आणि त्यासाठी पैसा कोणत्या वाटेने यायचा, याचे नियमच वेगळे झाले.

गावाचे माप, शहराचे माप

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला. ग्रामीण भागासाठी ठरलेल्या निकषानुसार सपाट प्रदेशात ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे लागते. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे अनुक्रमे ३ हजार आणि २० हजार असे आहेत. हजार लोकवस्तीमागे एक आशा कार्यकर्ती, हा त्यातला शेवटचा पण सर्वांत जवळचा दुवा.

शहरासाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र असे माप ठरवले आणि झोपडपट्ट्यांवर भर दिला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचवले. त्यात शहरांतील छोट्या आरोग्यवर्धिनी केंद्रांचाही समावेश होता.

यातील प्रत्येक निकषाचा पाया म्हणजे डोईगणती. २०२१ ची जनगणना ठरलेल्या वेळी झाली नाही आणि नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला. त्यामुळे दीर्घकाळ हाताशी राहिली ती २०११ चीच मोजणी, म्हणजे सूस हे गाव असतानाची. उंच इमारती, त्या बांधणाऱ्या मजुरांच्या वस्त्या आणि भाड्याने राहणारी कुटुंबे या मोजणीत नाहीत. जो माणूस मोजला गेला नाही, त्याच्या वाट्याचा दवाखाना कागदावरही उभा राहत नाही.

मोबदल्याच्या चार तऱ्हा

आरोग्यसेवा देणाऱ्याला पैसे देण्याच्या ढोबळमानाने चार पद्धती आहेत. पहिली पगाराची. सरकारी आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि परिचारिका यांना रुग्ण कितीही आले तरी वेतन तेवढेच मिळते. दुसरी प्रत्येक तपासणीमागे फी घेण्याची. खासगी दवाखाने याच पद्धतीवर चालतात. तिसरी पॅकेजची, म्हणजे एका शस्त्रक्रियेसाठी वा उपचारासाठी रुग्णालयाला ठरावीक रक्कम देण्याची. चौथी दरडोई मोबदल्याची. नोंदवलेल्या प्रत्येक माणसामागे, तो आजारी पडो वा न पडो, दवाखान्याला वर्षाकाठी ठरावीक रक्कम मिळते.

प्रत्येक पद्धत आपापली सवय लावते. पगारात स्थैर्य असते, पण अधिक काम करणाऱ्याची वेगळी दखल नसते. फीच्या पद्धतीत तपासण्या वाढण्याकडे कल असतो. पॅकेजमध्ये खर्चाचा अंदाज आधी येतो, पण रुग्ण दाखल झाल्याखेरीज पैसा हलत नाही. दरडोई पद्धतीत माणूस निरोगी राहण्यात दवाखान्याचाही फायदा असतो. मात्र देखरेख नसेल तर सेवाच कमी देण्याचा मोह होऊ शकतो.

रुग्णालयाकडे वाहणारा पैसा

राज्यातील सर्वांत ठळक देयक-सुधारणा म्हणजे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकांवरील कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत ९७१ उपचार त्यातून मिळू लागले. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. २०२३ मध्ये ती सर्व कुटुंबांना खुली करून मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला.

या योजनेने असंख्य कुटुंबांना हृदय, मूत्रपिंड आणि कर्करोगाच्या खर्चातून सावरले, हे निर्विवाद. पण तिचा गाभा दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचा आहे. रक्तदाबाची रोजची गोळी आणि मधुमेहाची दरमहाची तपासणी या गोष्टी पॅकेजमध्ये बसत नाहीत. परिणामी हृदयविकाराचा झटका आल्यावर शासन लाखो रुपये मोजण्यास तयार असते. तो झटका टाळणाऱ्या काही रुपयांच्या गोळीसाठी मात्र रुग्ण स्वतःचा खिसा चाचपतो. देशाच्या आरोग्यखर्चात नागरिकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. घट मोठी आहे, तरी उरलेला भारही लहान नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत व रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. सूसकरांना जवळ असलेले औंधचे जिल्हा रुग्णालय या निर्णयाच्या कक्षेत आले. वैद्यकीय शिक्षण विभागाचे ससून मात्र त्याबाहेर राहिले. एकाच शहरात दारावरच्या पाटीनुसार नियम बदलतात, हे सामान्य रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही.

आशाताईंचे अडीचशे रुपये

प्राथमिक सेवेत मोबदला काय करू शकतो, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्यामुळे नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये हे काम देशभरातील आशांकडे सोपवले गेले आणि ठरलेल्या सर्व गृहभेटी पूर्ण केल्यावर प्रत्येक बाळामागे २५० रुपये असा मोबदला ठरला.

एका कामाला दर मिळाला आणि ते काम गावोगाव पोहोचले. मात्र याच पद्धतीची मर्यादाही पुढे दिसली. ज्या कामाला दर नाही, ते विनामोल ठरते. आजीबाईंची गोळी चुकली का, हे विचारण्यासाठी मारलेली चक्कर कोणत्याच रकान्यात बसत नाही. महाराष्ट्रातील आशांनी २०२३-२४ मध्ये संप केले ते ठरावीक मानधन वाढवून घेण्यासाठी. मार्च २०२४ मध्ये दरमहा पाच हजार रुपयांची वाढ मंजूर झाली.

आरोग्यवर्धिनी केंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी मिश्र पद्धत स्वीकारली गेली: ठरावीक वेतन आणि त्यावर कामगिरीनुसार दरमहा १५ हजार रुपयांपर्यंत मोबदला. या केंद्रांना २०२३ मध्ये ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव देण्यात आले.

इतरांनी काय केले

ब्रिटनमध्ये १९४८ पासून कुटुंबाचा डॉक्टर नोंदणीकृत रुग्णांच्या संख्येनुसार पैसे घेतो. २००४ मध्ये त्याला गुणवत्तेच्या मोबदल्याची जोड मिळाली. थायलंडने २००१ पासून ‘तीस बात’ योजनेत प्राथमिक सेवेसाठी दरडोई रक्कम देण्यास सुरुवात केली. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना २०२३ पर्यंत किमान १२ टक्के खर्च प्राथमिक सेवेवर करण्याचे बंधन घातले. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेही दोनतृतीयांश वा त्याहून अधिक निधी प्राथमिक सेवेला द्यावा, असे म्हटले आहे. फरक एवढाच, की ओरेगॉनमध्ये तो कायदा आहे आणि आपल्याकडे ती अपेक्षा आहे.

पहिले पाऊल नोंदणीचे

सूससारख्या भागात सुधारणेचा क्रम उलगडून सांगणे अवघड नाही. प्रथम जनगणनेची वाट न पाहता घरोघरची नोंद हवी, भाडेकरू आणि मजूर वस्त्यांसह. प्रत्येक कुटुंब एका आरोग्य केंद्राशी जोडलेले हवे. त्या केंद्राला नोंदीनुसार दरडोई निधी आणि तो गरजेप्रमाणे वापरण्याची मुभा हवी. लेखाशीर्षांत अडकलेला पैसा औषध संपल्यावर उपयोगी पडत नाही. किती रुग्णांचा रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहिली, यावर मोबदल्याचा लहान हिस्सा ठरावा. आणि हा हिशेब रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत रहिवाशांसमोर मांडला जावा.

गाव शहरात आले की कर आणि बांधकामाचे नियम लगोलग बदलतात. माणसाच्या आरोग्याची नोंद मात्र मागे राहते. ती भरून काढणे हीच प्राथमिक सेवेच्या बळकटीची सुरुवात आहे.