यंत्राचा परकायाप्रवेश

परकायाप्रवेशाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची कथा तर घरोघर ठाऊक आहे. त्या कथेतली एक बारीकशी गोष्ट मात्र सांगणाराही कधी कधी गाळतो. आचार्य राजाच्या देहात असताना त्यांचा स्वतःचा देह शिष्यांनी गुहेत डोळ्यांत तेल घालून जपला होता. तो जपला गेला नसता, तर आत्म्याला परत यावयास घरच उरले नसते.

ह्या कथेची आठवण होण्याचे कारण मोटारगाडी आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची देखणी, बैठ्या घाटाची शर्यतीची मोटार घ्यावयाची, तिचे थकलेले इंजिन उतरवावयाचे आणि त्या जागी आजच्या काळचे, टर्बोचार्जर लावलेले इंजिन बसवावयाचे, असा एक छंद युरोप-अमेरिकेतल्या शौकिनांत चांगलाच फोफावला आहे. देह आजोबांचा आणि प्राण नातवाचा! आपल्याकडे हे ऐकून कोणी हसतात, कोणी हळहळतात. तथापि इंजिन बदलण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. तिचा आपला स्वतःचा असा इतिहास आहे, आणि त्यातले एक गमतीदार पान आमच्या वर्धा जिल्ह्यातलेच आहे.

गांधीजी 1934 साली वर्ध्यास आले आणि 1936 च्या उन्हाळ्यात शेगावी राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. वर्ध्याहून तेथवरची वाट त्या काळी काळ्या मातीतून जाई. आमच्याकडची काळी माती ज्याने पावसाळ्यात तुडविली आहे, त्याला चाक रुतणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. त्या दिवसांच्या आठवणी सांगणारे सांगतात की, जमनालालजी बजाजांनी एका जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन काढून टाकून तिला बैल जुंपले होते. इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात. तेव्हा बैलांनी ओढलेल्या त्या फोर्डचे नाव पडले ‘ऑक्सफर्ड’! जगभरचे विद्वान ज्या नावापुढे मान लववतात, ते नाव असे वर्ध्याच्या चिखलात बैलांच्या पाठीमागून फिरले.

विनोद बाजूला ठेवला तरी ही घटना इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे. देह अमेरिकेचा होता, शक्ती वऱ्हाडच्या शेजारची होती. रस्ता जसा होता, माणसांचा पैसा आणि पेट्रोलविषयीचा विचार जसा होता, तसे तिचे ‘इंजिन’ निवडले गेले. शौकीन माणूस इंजिन बदलतो तो वेगासाठी. आपल्या देशात मात्र ते बहुधा अडचणीपोटी बदलले गेले. कोणत्या काळी काय दुर्मिळ होते हे पाहावयाचे असेल, तर मोटारीचे टोपण उघडून आत काय बसविले आहे ते पाहावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी पेट्रोल मोजूनमापून मिळू लागले. तेव्हा मोटारींच्या पाठीवर लोखंडी टाक्या चढल्या. त्यांत लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत धुमसत ठेवावयाचा, त्यातून निघणारा वायू गाळून थंड करावयाचा आणि तो इंजिनाला पाजावयाचा, अशी ही युक्ती. ह्या वायूतला कामाचा भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचा. विषारी, पण जळणारा. इंजिन तेच राहिले, अन्न तेवढे बदलले. अर्थात उपाशी माणसाचे जे होते तेच त्या मोटारींचे झाले. त्यांची ताकद घटली आणि चढावर त्यांना धाप लागू लागली. तरीही त्या चालल्या आणि माणसे गावोगाव पोचली.

आगगाडीनेही हा अनुभव घेतला. आमच्या जिल्ह्यातली पुलगाव-आर्वी ही अरुंद रुळांची लहानशी गाडी. हिची मोठी बहीण म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ह्या मार्गावरची शकुंतला. मुंबईच्या किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी ह्या वाटा उभ्या केल्या. शकुंतलेला मँचेस्टरला 1921 साली घडविलेले वाफेचे इंजिन 1923 पासून ओढीत होते. सत्तर वर्षांची ही चाकरी 15 एप्रिल 1994 रोजी संपली आणि डिझेल इंजिन आले. डबे तेच, रूळ तेच, कापसाचे शिवारही तेच. फक्त पुढचा धूर बदलला. डिझेलला जोडलेल्या त्या गाडीलाही लोक शकुंतलाच म्हणत राहिले. नाव इंजिनाला नव्हते, गाडीला होते, आणि गाडी लोकांच्या मनात होती.

आता पुन्हा मोटारीकडे वळू. स्वातंत्र्यानंतर आपल्या मुलखात जीप आली. महिंद्रांनी मुंबईत ती जुळवावयास घेतली. तिचे मूळ इंजिन पेट्रोलचे होते. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले आणि ही तहान परवडेनाशी झाली. पुढे महिंद्रांनी स्वतःच फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या घडणीचे डिझेल इंजिन जीपमध्ये घातले, आणि गावोगावच्या मिस्त्र्यांनी जुन्या पेट्रोल जिपांमध्ये डिझेल इंजिने बसविली. असे इंजिन जड असते. पुढचे पाटे दबतात, स्टिअरिंग जड होते, सारी गाडी थरथरते. पण दहा-बारा माणसे, त्यांची गाठोडी आणि बाजाराची टोपली घेऊन ती वाट काढते. ह्या शस्त्रक्रिया करणाऱ्या मिस्त्र्यांची नावे कोणत्याही ग्रंथात सापडावयाची नाहीत.

मोठ्या कारखान्यांनीही हेच केले. 1984 च्या सुमारास हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा आली. देह इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल मोटारीचा, ऐटबाज आणि अवजड. आत मात्र अ‍ॅम्बॅसडरचे 1489 सीसीचे जुने इंजिन. पैलवानाच्या अंगात पोरसवदा काळीज घालावे तसे झाले. पुढे जपानच्या इसुझूचे 1800 सीसीचे इंजिन घातले तेव्हा कुठे तिला आपल्या रूपासारखी चाल लाभली. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने 1985 साली ‘118 एनई’ काढली. तिचा देह 1966 च्या फियाट 124 ह्या मोटारीच्या वंशातला, आणि प्राण जपानच्या निस्सानचा, 1171 सीसीचा. नावातली ‘एनई’ ही अक्षरे ‘निस्सान इंजिन’ ह्यांचीच. परकायाप्रवेश असा उघडपणे पाठीवर लिहून फिरणारी मोटार विरळाच! त्याच कारखान्याची पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून राबली. आधी पेट्रोल, मग पुष्कळांनी बसविलेले डिझेल, मग न्यायालयाच्या आदेशाने आलेला सीएनजी, असे तीन प्राण तिच्या एकाच देहाने पाहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा मुंबईकर हळहळले ते त्या देहासाठी.

ह्या पार्श्वभूमीवर शर्यतीच्या मोटारीचा विचार करू. इंग्लंडची एमजीए घ्या. 1955 साली ती आली आणि 1962 पर्यंत लाखाच्या वर गाड्या निघाल्या. तिच्यातले पहिले इंजिन 1489 सीसीचे होते. हा आकडा वाचकांना ओळखीचा वाटला असेल. आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे इंजिन त्याच घराण्यातले! ज्या यंत्राने तिकडे तरुणांना वाऱ्यावर नेले, त्याच्याच भावंडाने इकडे आमदारांना, वऱ्हाडींना आणि बाळंतिणींना घरी पोचविले. एमजीएतल्या इंजिनाची शक्ती सत्तर अश्वांच्या आसपास. आजचे टर्बोचे इंजिन त्याच्या दुप्पट-तिप्पट शक्ती सहज देते. मोह व्हावा असाच हा हिशेब आहे.

टर्बोचार्जर म्हणजे काय हे लोहाराच्या भात्यावरून चांगले कळते. भाता जितका जोराने हवा पुरवील तितका निखारा फुलतो. टर्बोचा भाता मात्र हाताने ओढावा लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक छोटे चाक फिरवितो, त्याच आसावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून आत कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून शक्ती जास्त. हे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्याने 1905 साली ह्याचे पेटंट घेतले. घरगुती मोटारीत ते 1962 साली अमेरिकेत प्रथम आले. आज आपल्याकडे लिटरभर आकाराच्या छोट्या इंजिनालाही ते लाभले आहे.

पण नवे इंजिन एकटे येत नाही. नव्या सुनेबरोबर सारे माहेर यावे तसे ते येते. त्याला इंधन मोठ्या दाबाने हवे, म्हणून पंप आणि नळ्या बदलाव्या लागतात. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारी जाळी पुढे बसवावी लागते. त्याचा मेंदू विजेचा असतो. त्याच्या तारा जुन्या देहात कोठून कशा न्यावयाच्या? जुना गिअरबॉक्स आणि मागचा दांडा हा जोर सोसत नाहीत. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न थांबण्याचा. पहिल्या एमजीएला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. सत्तर अश्वांना आवरणारे लगाम दोनशे अश्वांच्या हाती द्यावयाचे नसतात. अशा रीतीने बदलता बदलता शेवटी आजोबांचा म्हणून केवळ पत्रा उरतो.

येथेच खरा पेच आहे, आणि कायद्यालाही तो पडला आहे. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे इंजिनासारखा बदल परवानगीवाचून करता येत नाही, आणि केलेल्या बदलाची नोंद गाडीच्या कागदावर व्हावी लागते. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी निराळे नियम केले. अशा गाडीच्या पाटीवर ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे येतात. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात असावी. तिच्या सांगाड्यात, देहात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्याने प्राण बदलला त्याने म्हातारपणाचा मान गमावला.

हा नियम मला योग्य वाटतो. मात्र त्यावरून इंजिन बदलणारा प्रत्येक जण पापी ठरत नाही. आजीची पुतळ्यांची माळ पेटीत ठेवावी की मोडून नातीच्या लग्नात पाटल्या कराव्यात, हा वाद कोणत्या घरात झाला नाही? अडचणीच्या वेळी माळ मोडावी लागते, आणि तसे करणाऱ्या आईला कोणी नावे ठेवू नयेत. जीपमध्ये डिझेल बसविणारा मिस्त्री त्या आईसारखा आहे. त्याने घर चालविले. ज्याच्या घरात अडचण नाही आणि केवळ हौस आहे, त्याच्यावर मात्र एक जबाबदारी अधिक येते. शर्यतीची जुनी मोटार आता नव्याने जन्माला यावयाची नाही. जेवढ्या उरल्या तेवढ्याच.

म्हणून अशा हौशी माणसाने शिष्यांनी राखलेल्या त्या देहाची आठवण ठेवावी. येथे जपावयाचे ते जुने इंजिन. सांगाडा कापू नये, जुन्या भोकांवर नवे आधार असे बसवावेत की उद्या ते काढता येतील. उतरविलेले इंजिन भंगारवाल्याच्या काट्यावर न घालता तेल लावून, झाकून, त्याच्या क्रमांकासह ठेवावे. काय काढले, काय बसविले, कोणत्या वर्षी, कोणाच्या हातून, हे एका वहीत लिहावे आणि मिस्त्रीचे नाव त्यात अवश्य घालावे. गावोगावच्या जीप दुरुस्त करणाऱ्यांची अशी वही कोणी ठेवली असती, तर खेड्यापाड्यांच्या दळणवळणाचा केवढा इतिहास आज आपल्या हाती असता!

पुढच्या पिढीला पेट्रोलचाच कंटाळा येईल, किंवा ते परवडणार नाही. जुन्या देहांत विजेच्या मोटारी बसविण्यास सुरुवातही झाली आहे. त्या मुलांनी टोपण उघडून विचारले, ‘हिचे मूळ इंजिन कसे होते?’ तर कोपऱ्यातली ताडपत्री बाजूला सारून आपल्याला ते दाखविता आले पाहिजे.