टेस्टोस्टेरॉनचे शोषण

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तोंडावाटे दिल्यास आतड्यातून थेट यकृतात जाते व तेथे बहुतांशी निष्प्रभ होते. म्हणून उपचारात औषधाइतकाच ते देण्याचा मार्ग निर्णायक ठरतो. एनँथेट किंवा सिपिओनेट हे त्याचे एस्टर तेलात विरघळवून टोचले जातात. तेलाच्या साठ्यातून एस्टर सावकाश पाझरतो आणि एस्टरेज विकरे त्यातून मूळ संप्रेरक मोकळे करतात. त्यामुळे रक्तातील पातळी पहिल्या काही दिवसांत चढते आणि पुढील मात्रेपर्यंत उतरत जाते. अनडेकॅनोएट या आणखी एका एस्टरची कार्बन-साखळी लांब असल्याने त्याची १,००० मिग्रॅ. मात्रा सुमारे १० ते १४ आठवडे पुरते.

दुसरा मार्ग त्वचेवाटे : टेस्टोस्टेरॉनचे जेल खांद्यावर चोळल्यावर त्यातील अल्कोहॉल उडून जाते; संप्रेरक त्वचेच्या शृंगी स्तरात साठून दिवसभर केशवाहिन्यांत झिरपते. लावलेल्यापैकी जेमतेम १० टक्केच शोषले जात असल्याने जेल कमकुवत, हा आक्षेप टिकत नाही : ५० मिग्रॅ. मधून मिळणारे सुमारे ५ मिग्रॅ. निरोगी पुरुषाच्या दैनंदिन निर्मितीच्या जवळपास असतात. खरी अडचण त्वचेवर उरलेल्या भागाची आहे. स्पर्शाने तो लहान मुलांच्या शरीरात जाऊ शकतो; म्हणून जेल लावल्यावर हात साबणाने धुणे आणि ती जागा कपड्याने झाकणे आवश्यक असते.